घडीचा चाकू: निगा आणि नसते उद्योग

पंधरा-वीस हजारांचा घडीचा चाकू वापराने सहसा बिघडत नाही. तो बिघडतो मालकाच्या हौसेने आणि घरच्यांच्या उत्साहाने. इकडे नागपुरात धरमपेठेत ओळखीपाळखीत असे चाकू बाळगणारे काही जण आहेत. त्यातले जे तो सफरचंद कापायला, दोरी तोडायला, कुरिअरचं खोकं फोडायला वापरतात, त्यांचे चाकू ठणठणीत आहेत. ज्यांनी तो ‘आणखी चांगला’ करायला घेतला, त्यांच्या चाकूंची कहाणी वेगळी.

माझा चाकू स्पायडर्को कंपनीचा, पॅरा मिलिटरी 2. कोलोरॅडोतल्या गोल्डन गावी ही कंपनी आहे. भाचा जवळच डेन्व्हरला असतो, त्याने तो आणला. पात्याला अंगठा घालून उघडायचं गोल भोक असतं. 1981पासून तीच या कंपनीची खूण. पातं साडेतीन इंचांच्या आतलं, पोलाद एस-30-व्ही. हे पोलाद 2001च्या सुमारास खास चाकूंसाठी म्हणून तयार झालं. त्यात सुमारे 14 टक्के क्रोमियम आणि 4 टक्के व्हॅनेडियम असतं. धार खूप टिकते, पण उतरली की घरातल्या साध्या दगडाला दाद देत नाही, कारण व्हॅनेडियमचे कार्बाइड त्या दगडाच्या कणांपेक्षा कठीण असतात. नेमकं इथेच माणूस बाजाराची वाट धरतो.

घरच्या सुऱ्या धारेला निघाल्या तेव्हा पिशवीत हाही गेला. मी सोबत होतो. दुकानात विजेवर चालणारी साण, कोरडी. मी ‘याला पाणी लावून, हळू’ म्हणेस्तोवर पातं चाकाला टेकलं होतं. ठिणग्यांचा फवारा उडाला. दुकानदार हसून म्हणाला, ‘‘काहून घाबरता काका, लोखंडच तं आहे!’’ धार त्याने लावली, खोटं कशाला बोला. हातावरचे केस उडत होते. टोकाकडे मात्र नखभर जागेवर निळसर-जांभळी झाक आली होती. पुढच्या आठवड्यात पुठ्ठा कापताना पात्याचा मधला भाग सरळ चालायचा आणि टोकाशी आला की घसरायचा. भिंगातून पाहिलं तर तिथली धार एका बाजूला वळलेली.

त्या माणसाचा मला राग नाही. कोयता, विळी, ऊस तोडायचं हत्यार यांना ती साण ठीकच आहे. पण या पोलादाला पाणी दिल्यावर ते 200 ते 400 अंशांच्या दरम्यान पुन्हा तापवून बेताचं चिवट केलेलं असतं. धारेचा काठ केसाइतका पातळ, त्यामुळे कोरड्या चाकावर तो क्षणात त्याच्या वर तापू शकतो आणि धारेचं पाणी उतरतं. स्टेनलेस पोलादावर रंग उशिरा चढतो, म्हणून निळं दिसलं की समजावं, मामला हाताबाहेर गेला आहे. रंग न दिसताही काठ मऊ पडू शकतो. उपाय एकच: बिघडलेलं पोलाद घासून काढणं. डायमंड प्लेटवर, पाणी सोडत, हाताने. माझं पातं त्यापायी तांदळाच्या दाण्याएवढं आखूड झालं.

तेव्हा चाकू घेतानाच डायमंड प्लेटचे पैसे बाजूला ठेवा. एका बाजूला 400, दुसऱ्या बाजूला 1000 ग्रिट असलेली एकच प्लेट बहुतेकांना पुरते. कोनाची धास्ती बाळगू नका. कागदाचा काटकोनी कोपरा दोनदा दुमडला की साडेबावीस अंश हातात येतात, पातं त्याहून किंचित कमी तिरकं धरायचं. धारेच्या काठावर मार्कर पेनची शाई फासा आणि एकदाच हलकं घासा. शाई काठापर्यंत गेली तर कोन बरोबर, वरच्या अंगाला गेली तर पातं थोडं उचला. एका बाजूने घासता घासता दुसऱ्या बाजूला बोटाला खरखर लागली की बाजू बदला (बोट पाठीकडून काठाकडे फिरवायचं, काठावरून लांबीने कधीच नाही). शेवटी चामड्याच्या पट्टीवर उलट्या दिशेने चारदोन हात. पट्टी विकत आणायची गरज नाही. चपला दुरुस्त करणाऱ्याकडे जाड कमावलेल्या चामड्याचा तुकडा मिळतो.

आता संत्रं. नागपुरात चाकू बाळगणाऱ्याला ते टाळता येत नाही. संत्र्यातलं सायट्रिक आम्ल साध्या कार्बन पोलादावर तासाभरात काळे डाग पाडतं. ओपिनेलसारखा लाकडी मुठीचा कार्बन पात्याचा चाकू असेल तर कापून झाल्या झाल्या पुसलाच पाहिजे. स्टेनलेस पातं निभावून नेतं, पण रस बिजागरीत शिरतो, वाळून चिकट होतो, आणि त्यावर मे महिन्यातली धूळ बसली की चाकू रडत उघडतो. अशा वेळी स्क्रू खोलायची घाई नको. कोमट पाण्यात भांड्याच्या साबणाचे दोन थेंब, उघडझाप, नळाखाली धुणं, पंख्याखाली पूर्ण वाळवणं आणि तेलाचा एक थेंब एवढ्यावर बहुतेक वेळा भागतं. तेल कुठलं? खोबरेल नको, 24 अंशांच्या खाली ते थिजतं आणि आपल्याकडे डिसेंबरच्या रात्री त्याहून कितीतरी गार असतात. शेंगदाण्याचं, तिळाचं कालांतराने चिकटतं. औषधाच्या दुकानात मिळणारं लिक्विड पॅराफिन उत्तम. ते पोटात गेलं तरी चालतं, म्हणून फळं कापायच्या पात्यालाही लावता येतं.

खोलायचाच असेल तर आधी कंपनीचं म्हणणं वाचा. ख्रिस रीव्हच्या सेबेंझा या चाकूबरोबर पेटीतच पाने येतात, कारण मालकाने तो खोलून साफ करावा अशी रचनाच आहे. उलट काही कंपन्या खोलला की हमी संपली असं सांगतात. स्क्रूचं डोकं ताऱ्याच्या आकाराचं असतं, टी-6, टी-8 वगैरे. इतवारीत वीस रुपयांना मिळणारं बिट मऊ असतं. ते फिरतं आणि जाताना स्क्रूचं डोकं घेऊन जातं. चांगलं बिट घ्या. स्क्रू हलला नाही तर जोर करू नका, सोल्डरिंग आयर्नचं टोक क्षणभर टेकवा, आतला डिंक सैल होतो. परत बसवताना निळं लॉकटाइट, तेही सुईच्या टोकावर मावेल एवढंच. लाल कधीही नको. ते सोडवायला अडीचशे अंशांच्या आसपास ताव लागतो.

मूठ बदलायची हौस सगळ्यांनाच होते. आलापल्लीचा साग डोळ्यांसमोर येतो आणि तो आहेही देखणा. पण साग तेलकट असतो, चिकटवण्याआधी ॲसिटोनने पुसला नाही तर डिंक धरत नाही. शिवाय कुठलंही लाकूड जुलैत फुगतं आणि एप्रिलमध्ये आकसतं. माझं मत विचाराल तर मायकार्टा घ्या, म्हणजे कापडाचे थर राळेत दाबून केलेला पत्रा. पावसाला तो बधत नाही. घासताना मास्क बांधा. जी-10 हा तसलाच पत्रा घासताना तर बांधाच, त्यात काचेचे तंतू असतात. टायटॅनियमची मूठ रंगवायला रंग लागत नाही, विजेच्या दाबानुसार वरचा थर जाड होतो आणि त्यातून रंग दिसतो. 9 व्होल्टच्या तीन बॅटऱ्यांवर निळा येतो. हिरव्यासाठी 100 व्होल्टच्या घरात जावं लागतं, तो नाद घरी करू नये. आणि पेंच-नवेगावकडे कुणी ‘गळून पडलेलंच आहे’ म्हणत सांबराचं शिंग मुठीसाठी देऊ करेल, तर हात लावू नका. 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचं प्रकरण अंगावर येईल.

खटक्यावर मात्र कुणीही कानस चालवू नये. पातं उघडल्यावर अडकवणारा भाग घासला की चाकू सुळकन मिटतो आणि मध्ये आपलीच बोटं असतात. खटका घसरायला लागला तर चाकू कंपनीकडे पाठवा किंवा वापरातून काढा.

बाहेर नेण्याबद्दल दोन शब्द. शस्त्र नियमांमधली 9 इंच लांबी आणि 2 इंच रुंदीची मर्यादा अनेकांना पाठ असते आणि आपला चाकू त्यात बसतो म्हणून ते निर्धास्त असतात. पण सण, निवडणुका किंवा हिवाळी अधिवेशनाच्या काळात पोलीस आयुक्त महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम 37 खाली मनाई आदेश काढतात, आणि त्या कलमात चाकूचा उल्लेख नावानिशी आहे. त्या दिवसांत तो घरीच ठेवा. सोनेगावहून विमान पकडायचं असेल तर आदल्या रात्रीच चाकू मोठ्या बॅगेत टाका. हातातल्या सामानात सापडला तर तो विमानात नेता येत नाही, मग त्याची किंमत काहीही असो.