दप्तर, नकाशा आणि सुई

शिवणाची एक सुई लोहचुंबकावर एकाच दिशेने वीस-पंचवीस वेळा घासा. रेशमाचा एक धागा घेऊन मोहरीएवढ्या मेणाने तो सुईच्या मध्यावर चिकटवा आणि वारा नसेल अशा जागी सुई टांगा. ती दक्षिणोत्तर स्थिर होईल. यात नवे काय, असे तुम्ही म्हणाल. नवे काहीच नाही! मेणाच्या मापासकट ही कृती नऊशेहून अधिक वर्षांपूर्वी शन क्वो या चिनी मुत्सद्द्याने लिहून ठेवली आहे. पाण्यावर, नखावर, वाटीच्या काठावर सुई ठेवण्याच्या रीतीही तो सांगतो. नखावर आणि काठावर ती झटकन फिरते खरी, पण घसरून पडते. म्हणून धागाच उत्तम, असा त्याचा निर्वाळा. पुढे तो लिहितो, की सुई अगदी दक्षिणेला रोखलेली नसते, किंचित पूर्वेकडे वळलेली असते. यालाच आज आपण चुंबकीय दिक्पात म्हणतो.

आता जरा विचार करा. सुई चुकते हे कळायला खरी दक्षिण आधी माहीत हवी. ती कशी काढायची? रात्री ध्रुवतारा पाहून, हे सोपे उत्तर. पण शन क्वो ध्रुवताऱ्यावरही विसंबला नाही. त्याने नळीतून तीन महिने तो तारा पाहिला, दोनशेहून अधिक आकृत्या काढल्या आणि तारा खऱ्या ध्रुवबिंदूपासून तीन अंशांहून थोडा जास्त दूर आहे असे ठरवले. (त्या काळचा ध्रुवतारा वेगळा होता. पृथ्वीच्या अक्षाच्या परांचनामुळे आजचा ध्रुवतारा ध्रुवबिंदूपासून एका अंशाहूनही कमी अंतरावर आहे.)

शन क्वोचा जन्म १०३१ सालचा, हांगचौचा. १०६३ मध्ये राजसेवेची अवघड परीक्षा उतरून तो सुंग सम्राटाच्या चाकरीत चढत गेला. १०७२ मध्ये खगोल खाते त्याच्याकडे आले. राजधानी कायफंग येथे दोन वेधशाळा होत्या. दोघींनी स्वतंत्र वेध घ्यावेत आणि ते रोज ताडून पाहावेत, म्हणजे लबाडी होणार नाही, अशी योजना होती. प्रत्यक्षात दोन्हीकडचे लोक एकमेकांच्या नोंदी उतरवून घेत, आणि आकाशाकडे न पाहता जुन्या कोष्टकांवरून ग्रहांची स्थाने लिहीत! सहा जणांना शिक्षा झाली. पण थोड्याच दिवसांत पुन्हा तेच सुरू झाले, असे तो स्वतःच नोंदवतो. शेजाऱ्याच्या प्रयोगवहीतून वाचनांक उतरवणारे विद्यार्थी मी दरवर्षी पाहतो, म्हणून हा भाग वाचताना मला हसूही आले आणि वाईटही वाटले.

१०७५ साली उत्तरेच्या बलाढ्य खितान लोकांच्या लियाव राज्याने सीमेवरच्या ह्वांगवै डोंगरावर हक्क सांगितला. युद्धाचे सावट होते. वकील म्हणून निघण्यापूर्वी शन क्वोने लष्करी खात्याचे जुने दप्तर उपसले. पूर्वीच्या कागदांत प्राचीन भिंत हीच सीमा मानलेली होती, आणि वादातली जागा तिच्यापासून तीस लीहून अधिक, म्हणजे पंधरा-सोळा किलोमीटर दूर होती! सीमावादाचे असे बरेच कागद त्याने बरोबरच्या कारकुनांकडून तोंडपाठ करून घेतले. लियावच्या मंत्र्याने प्रश्न विचारला, की एखादा कारकून उठून नेमका दाखला देई. सहा बैठका झाल्या, धमक्याही झाल्या. शेवटी लियावने निदान त्या डोंगराचा हट्ट तरी सोडला.

सीमाभागाच्या पाहणीत त्याने डोंगर-नद्यांचा उठावाचा नकाशाही केला. आधी लाकडी फळीवर भुसा आणि खळ वापरून, आणि थंडीत खळ गोठू लागली तेव्हा मेणाने. सम्राटाला तो इतका आवडला, की सीमेवरच्या सर्व प्रांतांनी असे लाकडी नकाशे करावेत असा हुकूम सुटला.

पुढचा भाग कडू आहे. १०८२ साली शी शिआ राज्याशी झालेल्या युद्धात युंगलं किल्ल्याचे पाणी शत्रूने तोडले. किल्ला पडला, हजारो सैनिक मेले. शन क्वो त्या प्रांताचा मुख्य अधिकारी होता. त्याला मदत पोचवता आली नव्हती. पद गेले, नजरकैद आली. साम्राज्याचे नकाशे पुरे करून दरबाराला सादर केल्यावर, १०८८ च्या सुमारास, त्याला मोकळीक मिळाली. मंगशी, म्हणजे ‘स्वप्नओढा’, असे नाव त्याने आपल्या बागेतल्या ओढ्याला दिले होते. तिथे तो राहू लागला. गप्पांना माणूस नाही, लेखणी आणि दौत एवढेच सोबती, म्हणून तो त्यांच्याशीच बोलत बसला, आणि त्याचा ग्रंथ झाला. सुईची कृती त्यातलीच. १०९५ मध्ये तो वारला.

तुमची सुई पूर्वेकडे वळलेली दिसली नाही, तर शन क्वोला खोटे ठरवू नका. दिक्पात जागेप्रमाणे आणि काळाप्रमाणे बदलतो. सध्या महाराष्ट्रात तो एका अंशाहून कमी आहे आणि शिवणाच्या सुईवर कळणार नाही.

मात्र त्याची एक अडचण तुम्ही सोडवून पाहा. घासल्यावर काही सुयांचे टोक दक्षिण दाखवी, तर काहींचे उत्तर. दोन्ही प्रकारच्या सुया आपल्या घरी आहेत, पण असे का होते ते सांगता येत नाही, अशी कबुली त्याने दिली आहे. दोन सुया घ्या. चुंबकाचे कोणते टोक वापरले आणि सुई नाकाकडून टोकाकडे घासली की टोकाकडून नाकाकडे, हे दर वेळी लिहून ठेवा.