बालकांची अरुची आणि विसरलेला ‘उपयोक्ता’

‘मूल जेवत नाही, भूक वाढविणारे औषध द्या’ ही मागणी चिकित्सालयात व औषधी दुकानातही नित्याची आहे. चरकसंहितेच्या विमानस्थानात पहिल्याच अध्यायात आहारविधीची आठ आयतने सांगितली आहेत. त्यांतील आठवे ‘उपयोक्ता’, म्हणजे प्रत्यक्ष जेवणारा. पथ्य सांगताना आम्ही मातेशीच बोलत राहिलो व या उपयोक्त्यास विसरलो, हे मान्य केले पाहिजे.

कृमी, जीर्णज्वर, घटते वजन यांची तपासणी प्रथम करावीच. तदनंतर सहा-सात वर्षांच्या मुलास आम्ही विचारतो, उद्या मुगाची खिचडी की ज्वारीची भाकरी? पर्याय आईचे, निवड त्याची. मूग निवडणे, वाटीने तांदूळ मोजणे, धुणे, लिंबू पिळणे ही कामे त्याने करावीत. विळी व फोडणी मोठ्यांकडेच राहावी. ‘राशी’ आणि ‘करण’ ही आयतने मूल अशी हातांनीच शिकते. औषधविक्रेत्या बंधूंनीही दीपन-पाचन चूर्ण देण्यापूर्वी दुपारच्या बिस्किटांची चौकशी करावी.

आमच्या एका बालरुग्णाने पहिल्या दिवशी खिचडीत मीठच घातले नाही. घरच्यांनी ती निमूटपणे खाल्ली. दुसऱ्या दिवशी मिठाची आठवण त्यानेच आईला करून दिली.