अभिकल्प विभाग घरचाच असावा काय?

प्रश्न : फरिदाबादेत आमचा पंपांचा कारखाना आहे. आराखडे आजवर बाहेरून करून घेतले. आता स्वतःचा अभिकल्प विभाग काढावा म्हणतो. किती माणसे नेमावीत?

उत्तर : संख्येचा विचार मागाहून करावा; आधी विभागाला कोणते काम द्यायचे ते ठरवावे. आपल्या शेजारीच, नवी दिल्लीत, भारतीय नौदलाने १९६४ साली जी अभिकल्प-कचेरी काढली आणि जिचे १९७० मध्ये संचालनालय झाले, तिने प्रारंभीच विमानवाहू जहाजाला हात घातला नाही. ब्रिटिश लिअँडर नमुन्यावरून मुंबईच्या माझगाव गोदीत निलगिरी वर्गाची जहाजे बांधली जात असता जे ज्ञान संचित झाले, त्याच्या बळावर दोन हेलिकॉप्टरे वाहणारी ‘गोदावरी’ १९८३ साली नौदलात दाखल झाली, आणि विमानवाहू ‘विक्रांत’चा दिवस उगवला तो २०२२ मध्ये. ही चिकाटी मला विलक्षण आदरणीय वाटते.

म्हणून नव्या विभागाला प्रथम चालू पंपातील दोष निवारण्याचे काम द्या. अभिकल्पकाची बैठक कारखान्यालगत असू द्या. ओतकाम करणाऱ्या कारागिराची तक्रार त्याच्या कानी थेट पडली पाहिजे. विभागप्रमुखाला, विक्रीखात्याच्या घाईला नकार देण्याइतकी, लेखी मुखत्यारी द्या. तिच्यावाचून सारा विभाग निव्वळ नकलनविसांचा होतो. प्रत्येक फेरबदलाचे कारण दफ्तरी नोंदवावे, कारण माणसे सोडून जातात.

आणि एक कळकळीची विनंती : पहिले काम संपताच खर्चाच्या धास्तीने ही मंडळी पांगवू नका.