प्रमाणपत्र आणि पात्रता

प्रमाणपत्र हा शब्द आपणा विद्यार्थ्यांना नवा नाही. जातीचे, उत्पन्नाचे, रहिवासाचे, शाळा सोडल्याचे अशा प्रमाणपत्रांची एक प्लॅस्टिकची पिशवी आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी कपाटात जपून ठेवलेली असते. शिष्यवृत्तीचा अर्ज भरण्याची वेळ आली की ती बाहेर निघते. आमच्या घरच्या पिशवीत २०२२ साली आणखी एका प्रमाणपत्राची भर पडली. ते माझ्या थोरल्या भावाचे होते. जाड कागद, सोनेरी किनार, वर लॅमिनेशन, आणि मधोमध ठळक अक्षरांत 'हार्डवेअर व नेटवर्किंग'. त्यासाठी आईने बचत गटातून कर्ज काढून अडतीस हजार रुपये भरले होते.

त्या प्रमाणपत्राच्या जोरावर दादा पुण्याला मुलाखतीस गेला. तेथे त्याला दोन प्रश्न विचारण्यात आले. पहिला : "ही परीक्षा कोणी घेतली?" दुसरा : "सव्वीस बिटांच्या नेटवर्कमध्ये किती संगणकांना पत्ते देता येतील?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर असे होते की परीक्षा झालीच नव्हती. सहा महिने वर्गात बसल्याबद्दल त्या संस्थेने स्वतःच दिलेला तो कागद होता. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर त्याला आले नाही. दहा मिनिटांत तो बाहेर आला.

आमच्या घरात महाविद्यालयाची पायरी चढणारी मी पहिलीच. त्यामुळे ही चूक आधी दाखवून देणारे घरात कोणी नव्हते. आपल्या महाविद्यालयात माझ्यासारखे अनेक जण आहेत. 'बी.ए. करून काय होणार? त्यापेक्षा संगणकाचा एखादा कोर्स कर,' हा सल्ला आपणा सर्वांनाच मिळतो. तो सल्ला चुकीचा आहे असे नाही. परंतु कोणता कोर्स, कोणते प्रमाणपत्र आणि कशासाठी, हे सांगणारे फार थोडे भेटतात. त्याविषयी गेल्या दोन वर्षांत जे समजले ते या लेखात मांडत आहे.

तीन प्रकारचे कागद

माहिती तंत्रज्ञानाच्या क्षेत्रात 'सर्टिफिकेट' या एकाच नावाखाली तीन वेगवेगळ्या गोष्टी चालतात. पहिला प्रकार हजेरीचा. अमुक वर्ग पूर्ण केला, एवढेच त्यातून सिद्ध होते. दुसरा प्रकार साक्षरतेचा. २००१ साली स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाचा एमएस-सीआयटी हा अभ्यासक्रम त्याचे उत्तम उदाहरण होय. संगणक चालू करणे, पत्र टंकित करणे, तक्ता तयार करणे हे त्यातून येते आणि शासकीय नोकरीसाठी त्याचा उपयोगही होतो. पण ही या क्षेत्रातील बाराखडी झाली, व्यवसाय नव्हे.

तिसरा प्रकार व्यावसायिक प्रमाणपत्राचा. येथे शिकवणारा आणि परीक्षा घेणारा वेगळा असतो. अभ्यासक्रम आधी जाहीर केलेला असतो, परीक्षा देखरेखीखाली होते आणि उत्तीर्ण झालेल्या उमेदवाराचे प्रमाणपत्र कोणत्याही मालकाला क्रमांक टाकून पडताळून पाहता येते. शिकवणाऱ्यानेच स्वतःच्या विद्यार्थ्याला शिफारस देण्यात आणि तिऱ्हाइताने पारखून घेण्यात जो फरक आहे, तोच पहिल्या आणि तिसऱ्या प्रकारात आहे.

ही पद्धत कशी रूढ झाली?

एखाद्या कंपनीने यंत्र विकले की ते चालवणारा माणूस लागतो. या गरजेतून ही प्रमाणपत्रे जन्माला आली. १९९० च्या दशकाच्या पूर्वार्धात नॉव्हेल या कंपनीच्या नेटवर्क प्रणालीचे प्रमाणपत्र असणाऱ्यांना मोठी मागणी होती. मायक्रोसॉफ्टने आपला कार्यक्रम १९९२ साली सुरू केला. नेटवर्कची यंत्रे बनवणाऱ्या सिस्कोने १९९३ साली आधी सर्वांत वरच्या पातळीची परीक्षा आणली आणि नवशिक्यांसाठीची सीसीएनए ही परीक्षा १९९८ साली काढली. रेड हॅटची परीक्षा १९९९ पासून आहे. तिचे वैशिष्ट्य असे की तिच्यात पर्याय निवडायचे नसतात. चालू संगणकासमोर बसवून प्रत्यक्ष काम करून घेतले जाते.

आपल्या देशात शासनानेही या दिशेने पाऊल टाकले होते. १९९० साली 'डोएक' ही योजना सुरू झाली. तिच्यात ओ, ए, बी आणि सी अशा चढत्या पातळ्या होत्या. ती संस्था २०११ पासून 'नाइलिट' या नावाने ओळखली जाते. तिची ओ लेव्हल ही परीक्षा बारावी उत्तीर्ण विद्यार्थ्याला देता येते, मग तो कोणत्याही शाखेचा असो. संस्थेत नाव न घालता थेट बसण्याचीही सोय आहे.

प्रमाणपत्राला मुदत असते

आपली दहावीची गुणपत्रिका जन्मभर चालते. व्यावसायिक प्रमाणपत्रांचे बहुधा तसे नाही. सीसीएनए तीन वर्षे टिकते. त्यानंतर पुन्हा परीक्षा द्यावी लागते किंवा ठरवून दिलेले शिक्षण पूर्ण करावे लागते. संगणक दुरुस्तीसाठी प्रसिद्ध असलेले कॉम्पटियाचे 'ए प्लस' हे प्रमाणपत्र पूर्वी आजीवन होते. २०११ पासून नव्याने मिळणाऱ्या प्रमाणपत्रांना तीन वर्षांची मुदत आली.

कधी कधी प्रमाणपत्रच इतिहासजमा होते. नॉव्हेलच्या प्रणाली मागे पडल्या, तशी तिच्या प्रमाणपत्राची मागणीही ओसरली. मायक्रोसॉफ्टच्या ज्या एमसीएसई प्रमाणपत्रासाठी शहरोशहरी क्लास निघाले होते, ते कंपनीने जानेवारी २०२१ अखेर बंद केले आणि कामाच्या स्वरूपानुसार नव्या परीक्षा आणल्या. म्हणून एखादा क्लास जुन्याच नावाने जाहिरात करीत असेल, तर ती परीक्षा आज घेतली जाते का, हे त्या कंपनीच्या स्वतःच्या संकेतस्थळावर पाहून घ्यावे.

कला शाखेच्या विद्यार्थ्याने काय निवडावे?

आपला गणिताशी संबंध सुटलेला असतो, ही आपली मोठी भीती. पण सॉफ्टवेअर तपासणी हे क्षेत्र पाहा. त्यात मुख्य काम असते ते मजकूर बारकाईने वाचण्याचे आणि त्यात न सांगितलेले हेरण्याचे. समजा, एका अर्जात नियम आहे की वय १८ ते ६० असावे. तपासनीस १८ ते ६० मधली सगळी वये टाकून पाहत नाही. तो १७, १८, ६० आणि ६१ ही चार वये टाकतो; कारण चूक बहुधा सीमेवर दडलेली असते. 'अठराहून अधिक' आणि 'अठरा किंवा अधिक' यांतला भेद भाषेच्या विद्यार्थ्याला कळू नये काय?

या क्षेत्रासाठी आयएसटीक्यूबी या संस्थेची प्राथमिक परीक्षा आहे. ही संस्था २००२ साली स्थापन झाली आणि तिचा कोणत्याही एका कंपनीच्या मालाशी संबंध नाही. परीक्षेत ४० प्रश्न असतात, वेळ एक तास आणि उत्तीर्ण होण्यास २६ गुण लागतात. या प्राथमिक प्रमाणपत्राला मुदत नाही. तिचा अभ्यासक्रम विनामूल्य वाचायला मिळतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांसाठी एक गोष्ट मुद्दाम सांगते. परीक्षेची भाषा आपली मातृभाषा नसेल, तर आयएसटीक्यूबी पंचवीस टक्के जादा वेळ देते. म्हणजे साठ मिनिटांची पंचाहत्तर होतात. अमेझॉनच्या क्लाउड परीक्षांनाही इंग्रजी मातृभाषा नसणाऱ्यास अर्धा तास अधिक मिळतो. मात्र परीक्षेची नोंदणी करण्यापूर्वीच तशी मागणी नोंदवावी लागते. आपण इंग्रजीच्या भीतीने ज्या दारापासून परत फिरतो, तेथे आपल्यासाठी एक पायरी बांधून ठेवलेली असते. फक्त ती मागावी लागते.

दादाची दुसरी परीक्षा

मुलाखतीहून परत आल्यावर दादा तालुक्याच्या ठिकाणी एका संगणक दुरुस्तीच्या दुकानात कामाला लागला. सीसीएनएची परीक्षा द्यायची असे त्याने ठरवले. परीक्षेचे शुल्क ३०० अमेरिकन डॉलर, म्हणजे पंचवीस हजार रुपयांच्या पुढे. दरमहा दोन-तीन हजार बाजूला टाकायचे आणि पैसे साठेपर्यंत अभ्यास करायचा, असा बेत ठरला. क्लास लावला नाही. सिस्कोच्या नेटवर्किंग अकॅडमीचे 'पॅकेट ट्रेसर' हे सॉफ्टवेअर मोफत मिळते. त्यात खरी यंत्रे नसताना नेटवर्क जोडून पाहता येते. दुकान बंद झाल्यावर मालकाच्या परवानगीने तो तेथेच बसत असे.

पुस्तक इंग्रजीत होते. रविवारी आम्ही दोघे बसत असू. वाक्याचा अर्थ मी सांगायची आणि विषय तो मला समजावायचा. अशाच एका रविवारी त्या सव्वीस बिटांचा उलगडा झाला. संगणकाचा पत्ता एकूण बत्तीस बिटांचा असतो. त्यातले सव्वीस बिट नेटवर्कचे नाव सांगण्यात गेले, तर उरतात सहा. प्रत्येक बिटाला शून्य किंवा एक अशा दोनच शक्यता. म्हणून दोनाला सहा वेळा घेऊन गुणायचे, म्हणजे ६४. त्यातला पहिला पत्ता त्या वस्तीचे नाव म्हणून राखून ठेवतात आणि शेवटचा दवंडीसाठी, म्हणजे सर्वांना एकदम निरोप देण्यासाठी. उरले ६२. अडतीस हजार रुपये देऊन जे कळले नाही, ते एवढे सोपे होते. दादा थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "हे मला तिथं सांगता आलं असतं गं."

अकरा महिन्यांनी तो परीक्षेस बसला. केंद्रावर मोबाइल, घड्याळ, पाकीट सगळे बाहेर ठेवून घेतले. एकशेवीस मिनिटे. तो उत्तीर्ण झाला. त्यानंतरही नोकरी लगेच मिळाली नाही. दोन ठिकाणांहून उत्तर आले नाही. तिसऱ्या ठिकाणी बोलावणे आले. तेथे मुलाखत घेणाऱ्याने प्रमाणपत्राचा क्रमांक पडताळला आणि मग ते बाजूला ठेवून पाऊण तास प्रश्न विचारले. प्रमाणपत्राने दादाला खुर्चीपर्यंत नेले. खुर्चीत टिकवले ते अकरा महिन्यांच्या अभ्यासाने. आज तो पुण्यात रात्रपाळीला नेटवर्कच्या तक्रारी सोडवण्याचे काम करतो.

फी भरण्यापूर्वी

आपल्या मित्रमैत्रिणींना माझे सांगणे एवढेच की, कोणत्याही क्लासची फी भरण्यापूर्वी पुढील प्रश्न विचारावेत.

(१) परीक्षा कोण घेते? क्लास स्वतः की बाहेरची संस्था?

(२) परीक्षेचे शुल्क फीमध्ये धरले आहे काय? असल्यास तसे पावतीवर लिहून द्याल काय?

(३) प्रमाणपत्राची मुदत किती आणि ते पडताळायचे कोठे?

(४) अभ्यासक्रमाची छापील प्रत मिळेल काय? ती घरी आणून परीक्षा घेणाऱ्या संस्थेच्या अभ्यासक्रमाशी ताडून पाहावी.

आणखी एक सावधगिरी. परीक्षेतले प्रश्न जसेच्या तसे विकणारे काही जण असतात. त्याला 'डम्प' म्हणतात. प्रश्न बाहेर न फोडण्याचा करार उमेदवाराने मान्य केलेला असतो. असा गैरप्रकार उघडकीस आला तर प्रमाणपत्र रद्द होऊ शकते. आणि पाठ केलेली उत्तरे त्या पाऊण तासात कितीशी पुरणार?

पदवी सोडून प्रमाणपत्राच्या मागे धावावे, असेही मला म्हणायचे नाही. अनेक कंपन्या अर्ज घेतानाच पदवी विचारतात. शिवाय प्रमाणपत्रे तीन वर्षांनी जुनी होतात. वाचण्याची, विचार करण्याची आणि मांडण्याची जी सवय आपण येथे लावून घेतो, ती जुनी होत नाही. मी स्वतः तृतीय वर्षाची परीक्षा झाल्यावर आयएसटीक्यूबीची परीक्षा देण्याचे ठरवले आहे. अभ्यासक्रम उतरवून घेतला आहे. पैसे साठवणे चालू आहे.

दादाचे नवे प्रमाणपत्र कागदावर आले नाही, मोबाइलवर आले. आईने ते दोन्ही बाजूंनी फिरवून पाहिले आणि विचारले, "याला सोनेरी काठ नाही का रे?" बचत गटाचे कर्ज गेल्या दिवाळीत फिटले. सोनेरी किनारीचे ते जुने प्रमाणपत्र मात्र तिने अजून पिशवीतून काढू दिलेले नाही. अडतीस हजारांचे आहे, असे ती म्हणते.

— द्वितीय वर्ष, कला