भागाकाराच्या आधी आणि नंतर

आदिलाबाद,
नोव्हेंबर २०२५

चि. छकुलीस,


सरासरीच्या चाचणीत तुला वीसपैकी वीस मिळाले, हे वाचून आनंद झाला. पण त्याच ओळीच्या खाली बारीक अक्षरात तू विचारलंयस, 'मामा, हे पुढे कुठे लागतं?' मला खरं कौतुक त्या बारीक अक्षराचं वाटलं. बेरीज करून भागणं हे मोबाइललाही येतं. भागण्याआधी काय पाहायचं आणि भागून झाल्यावर त्या आकड्याला किती मान द्यायचा, हे मात्र ज्याचं त्यालाच शिकावं लागतं.

कापूस निघालाय. बाबा मार्केट यार्डात जातील त्या दिवशी शाळेला सुट्टी असेल, तर त्यांच्यासोबत जा. सीसीआयचा, म्हणजे भारतीय कापूस महामंडळाचा, २०२५-२६ च्या हंगामाचा लांब धाग्याचा हमीभाव क्विंटलला ८११० रुपये आहे, पण तो आठ टक्के ओलावा असलेल्या कापसाला. त्यावर दर टक्क्याला ८१ रुपये १० पैसे कमी होतात, आणि बारा टक्क्यांच्या वर गेलं की खरेदीच नाही. गाडीतल्या कापसात ओलावा मोजायच्या यंत्राची सळई खुपसली की आकडा दिसतो. आता बघ, वरचा थर उन्हानं सुकलेला असतो, तळाशी दहिवरात वेचलेला कापूस दबून बसलेला. पाच ठिकाणी सळई घातली आणि ११, ९, १४, १०, ११ असे आकडे आले, समज. वही काढू नकोस. मनात १० धर आणि फक्त फरक मोज: एक जास्त, एक कमी, चार जास्त, शून्य, एक जास्त. एकूण पाच जास्त, पाच ठिकाणी वाटले तर एकेक. म्हणजे सरासरी ११. तीन टक्क्यांचे २४३ रुपये ३० पैसे गेले, भाव राहिला ७८६६ रुपये ७० पैसे. पण कुणी फक्त ती चौदा टक्क्यांची जागा पाहिली, तर गाडी परत! म्हणून चार-पाच जागी पाहा म्हणून सांगायचं, नम्रपणे पण ठासून. बाबा भिडस्त आहेत, तू बोल.

तुझ्या पुस्तकातली गणितं सगळी साधी, प्रत्येक संख्या सारख्या वजनाची. शेतातली तशी नसतात. समज, पहिल्या वेच्याचा ४ क्विंटल कापूस ७८०० नं गेला, दुसऱ्याचा १० क्विंटल ७२०० नं आणि शेवटचा कवडीचा २ क्विंटल ६३०० नं. 'सरासरी काय भाव पडला?' असं कुणी विचारलं की शिकली-सवरलेली माणसंही तीन भावांची बेरीज करून तिनानं भागतात आणि ७१०० सांगतात. अगं, दोन क्विंटलच्या भावाला दहा क्विंटलच्या भावाइतका मान कसा? आधी पैसे मोज: ३१,२०० आणि ७२,००० आणि १२,६००, मिळून १,१५,८००. त्याला सोळानं भाग. ७२३७ रुपये ५० पैसे. चुकीच्या सरासरीनं हिशेब मांडला तर सोळा क्विंटलमागे २२०० रुपये कागदावरून गायब होतात, आणि मग घरात उगाच वाद, पैसे गेले कुठे म्हणून.

शून्याचंही तसंच. पावसाळ्यात आठवडाभराचा पाऊस १२, ०, ३५, ०, ०, ८, १५ मिलीमीटर असा लिहिला, तर एकूण सत्तर, दिवसाला सरासरी दहा. कोरडे दिवस गाळून चारानंच भागलं तर साडेसतरा येतात. तोही आकडा खोटा नाही, पण तो पावसाच्या दिवसांचा झाला, आठवड्याचा नव्हे. आठवड्याचं विचारलं असेल तर कोरडा दिवस हाही दिवसच.

आता भागून झाल्यावरचं. आदिलाबादची थंडी तुला ठाऊक आहे. दुपारी २८ अंश, पहाटे ८. हवामानवाले कमाल आणि किमान मिळवून निम्मे करतात, दिवसाचं सरासरी तापमान १८. त्या अठराला ना दुपारचा स्वेटर काढता येतो ना पहाटेची शेकोटी पेटवता येते. आपल्या बेला, जैनद भागात हरभरा पेरणाऱ्याला हे निराळे दोन आकडेच लागतात.

जमिनीचंही बघ. पाच घरांकडे २, ३, ३, ४ आणि ३८ एकर असेल, तर सरासरी दहा एकर. दहा एकरवाला त्यात एकही नाही. इथे आकडे चढत्या क्रमानं लावून मधला उचलायचा, तो तीन. त्याला मध्यक म्हणतात, तुला पुढे येईलच.

अशाच एका सरासरीवरून सध्या आपल्याकडे रान पेटलंय. यंदा सीसीआयनं एकरी उताऱ्याचे आकडे पुढे करून एकरी सात क्विंटलच घेऊ म्हटलं. ज्याची जमीन बरड, त्याला तेवढाही उतरत नाही. नाल्याकाठच्या काळ्या रानात दहा निघाले तर वरचे तीन नेऊन घालायचे कुठे? बोगस माल येऊ नये म्हणून काही मर्यादा हवी, हे मलाही पटतं. पण अनेकांच्या शेतांवरून काढलेला आकडा एकाच्या शेतावर कुंपणासारखा ठोकला, की तो अन्याय करतोच.

हे आपल्याच एका माणसानं फार आधी सांगून ठेवलंय. पांडुरंग वासुदेव सुखात्मे, जन्म १९११, सातारा जिल्ह्यातल्या बुध गावचे, लंडनला संख्याशास्त्र शिकून आलेले. देशात पीक कापणी प्रयोगांची पद्धत बसवण्यात त्यांचा मोठा वाटा. एकरी उतारा काढायचा तर कापणीचा तुकडा कुणाच्या पसंतीनं न निवडता चिठ्ठी टाकल्यासारखा निवडायचा. चांगलं पीक बघून तुकडा धरला, तर पुढचा भागाकार कितीही बिनचूक करा, उत्तर फुकट. १९७१ साली दांडेकर आणि रथ या अर्थतज्ज्ञांनी दरडोई रोजच्या २२५० उष्मांकांवरून देशातली गरिबी मोजली, तेव्हा सुखात्म्यांनी त्यावरही हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, भूक माणसागणिक आणि दिवसागणिक बदलते. सरासरीच्या खाली खाणारा प्रत्येक जण उपाशीच, असं धरता येत नाही. मला त्यांचं सगळंच पटतं असं नाही. उपाशी माणसं कमी दाखवायला अशा युक्तिवादाचा उपयोग होऊ शकतो, हेही दिसतं. पण प्रश्न त्यांनी नेमका विचारला होता.

आता एक काम सांगतो. यंदाच्या प्रत्येक वेच्याचं वजन, ओलावा आणि मिळालेला भाव वेगवेगळ्या रकान्यांत लिहून ठेव. मजुरीचा रकाना आईला विचारून भर, तो बाबांच्या लक्षात राहत नाही. संक्रांतीला येतो तेव्हा क्विंटलमागे खर्च जाऊन काय उरलं, ते दोघं मिळून काढू.

आईला नमस्कार सांग. बाबांचा खोकला कसा आहे ते कळव.

तुझा,
मामा