पोरगी हॉकी खेळायचं म्हणतेय. टर्फ कुठे आहे?

पुण्यात बिबवेवाडीतल्या पालकांचा प्रश्न ठरलेला असतो: "हॉकीत पुढे आहे काय?" प्रश्न रास्तच आहे. पण त्याच्या आधीचा प्रश्न फारसं कोणी विचारत नाही: आठवड्यातून किती दिवस टर्फवर, म्हणजे कृत्रिम मैदानावर, खेळायला मिळणार?

धनराज पिल्ले खडकीचे. ऑर्डनन्स फॅक्टरीच्या वसाहतीत, मोडक्या स्टिका घेऊन चिखलमातीत खेळत ते मोठे झाले आणि चार ऑलिंपिक खेळले. ही गोष्ट खरी आहे, पण आजच्या मुलांना तिचाच आधार देणं धोक्याचं. मातीवर चेंडू कुठेही उसळतो, म्हणून त्या पिढीचं मनगट तयार झालं. १९७६च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून कृत्रिम मैदान आलं आणि खेळ वेगाचा झाला. नव्वदच्या दशकात ऑफसाइड गेला, खेळाडू हव्या तितक्या वेळा बदलता येऊ लागले. आता तर पंधरा-पंधरा मिनिटांची चार सत्रं. पाच-सात मिनिटं जीव तोडून पळायचं, बाहेर यायचं, पुन्हा आत. फक्त मातीवर शिकलेलं पोर पंधराव्या वर्षी टर्फवर उतरलं, की पहिल्याच पासला फसतं. ते उभ्या अंगाने खेळत असतं. वाकून स्टिक खाली नेईपर्यंत चेंडू निघून गेलेला असतो. ही सवय मोडायला वर्ष जातं, आणि निवड चाचण्या काही थांबत नाहीत.

तेव्हा हिशोब बिबवेवाडीपासून टर्फपर्यंतच्या अंतराचा करा. पिंपरीत नेहरूनगरला मेजर ध्यानचंद स्टेडियम आहे, बालेवाडीला शिवछत्रपती क्रीडासंकुल. सप्टेंबर २०२४पासून मेट्रो स्वारगेटपर्यंत आल्यामुळे संत तुकारामनगर स्थानक गाठून पुढे रिक्षाने नेहरूनगर जमतं. (गोलकीपरच्या आईबापांनी मात्र आधी ते किट उचलून बघावं.) आठवड्यातून तीन दिवस टर्फ आणि बाकीचे दिवस घराजवळ धावणं नि स्टिकवर्क, एवढं झालं तरी माझ्या मते चौदा वर्षांपर्यंत पुरे.

रोजची ये-जा झेपत नसेल, तर राज्य शासनाच्या क्रीडा प्रबोधिनीचा निवासी मार्ग आहे. फलटण तालुक्यातली वैष्णवी फाळके बालेवाडीच्या प्रबोधिनीतून भारतीय संघात पोचली. मुलग्यांसाठी सैन्याच्या बॉइज स्पोर्ट्स कंपन्या आहेत. तिथे वय लहान लागतं, त्यामुळे चौकशी पाचवी-सहावीतच करावी.

आता पैशांचं. ऑक्टोबर २०२४मध्ये हॉकी इंडिया लीगच्या लिलावात हरमनप्रीत सिंगला ७८ लाख मिळाले. तो आकडा बघून घरचं गणित मांडू नका. हॉकीपटूचं घर आजही मुख्यतः नोकरीवर चालतं: रेल्वे, सैन्य, पोलीस, सार्वजनिक कंपन्या. राज्य सरकारी भरतीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, पण प्रमाणपत्राची क्रीडा विभागाकडून पडताळणी होते. पैसे भरून खेळायला नेणाऱ्या खासगी 'इंटरनॅशनल' स्पर्धांची चकचकीत प्रमाणपत्रं तिथे कामाला येतीलच असं नाही. स्पर्धा कुठल्या संघटनेची, तिला मान्यता आहे का, हे फी भरण्याआधी जिल्हा क्रीडा अधिकारी कार्यालयात विचारून घ्या.

आणि दहावीला खेळ पूर्ण बंद करू नका. टर्फच्या तीन दिवसांचे दोन करा. वर्षभर स्टिक माळ्यावर गेली, तर सतरा वर्षांखालच्या गटाची संधी हातची जाते आणि शालेय स्पर्धांतून मिळू शकणारे सवलतीचे गुणही.