ग्रामपंचायतीची करथकबाकी आणि स्थानिक वकिलाचे साहाय्य

घरपट्टी व पाणीपट्टी ही ग्रामपंचायतीच्या उत्पन्नाची प्रमुख साधने होत. ही रक्कम थकली की गावाच्या दिवाबत्तीपासून पाणीपुरवठ्यापर्यंत सर्वच कामांना खीळ बसते. मात्र थकबाकीमागे केवळ अनिच्छाच असते असे नाही. मृत व्यक्तीच्या नावे चालू राहिलेली आकारणी, पडलेल्या घरावरील कर किंवा भरलेल्या रकमेची न झालेली नोंद, हीदेखील तिची कारणे असतात. अशा वेळी तालुक्याच्या ठिकाणी काम करणाऱ्या वकिलाचा सल्ला उपयुक्त ठरतो.

महाराष्ट्र ग्रामपंचायत अधिनियम, 1958 च्या कलम 129 मध्ये वसुलीचा क्रम घालून दिला आहे. प्रथम देयक, नंतर मागणीचा लेख, त्यानंतर जंगम मालमत्तेची अटकावणी व विक्री, असा तो क्रम आहे. एवढ्यानेही वसुली न झाल्यास ती रक्कम जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल करता येते. आकारणीच मान्य नसल्यास कलम 124 अन्वये पंचायत समितीकडे अपील करता येते. देयक योग्य रीतीने बजावले गेले किंवा कसे, नमुना 8 मधील आकारणी व नमुना 9 मधील मागणी यांचा मेळ बसतो किंवा कसे, हे वकील प्रथम तपासतो. तेव्हा त्याच्याकडे जाताना देयके, पावत्या व या नोंदींचे उतारे सोबत नेणे अगत्याचे आहे.

पंचायत सदस्यांच्या बाबतीत हा प्रश्न अधिक गंभीर आहे. देयक रीतसर बजावल्यानंतर मागणीच्या दिनांकापासून तीन महिन्यांत कर न भरल्यास कलम 14 अन्वये सदस्य अपात्र ठरतो. अविभक्त हिंदू कुटुंबातील एकाच्या थकबाकीमुळे इतरांनाही ही अपात्रता लागू होऊ शकते. याबाबतचा वाद जिल्हाधिकाऱ्यांपुढे चालतो. रक्कम किरकोळ असली तरी पद गमवावे लागते. म्हणून आकारणीविषयी तक्रार असली तरी मुदतीत रक्कम भरावी आणि दाद स्वतंत्रपणे मागावी, हाच सुरक्षित मार्ग होय.

वकील नेमताना त्याच्याकडे राज्य विधिज्ञ परिषदेची सनद असल्याची खात्री करावी. फी आधी ठरवावी व वकीलपत्र वाचूनच सही करावी. निकालावर अवलंबून असलेली फी ठरविण्यास विधिज्ञ परिषदेच्या नियमांनी मनाई आहे. त्यामुळे ‘कर माफ करून देतो, निम्मी रक्कम द्या’ असे सांगणाऱ्या मध्यस्थापासून दूर राहणेच इष्ट.

ज्यांना फी परवडत नाही त्यांच्यासाठी विधी सेवा प्राधिकरण अधिनियम, 1987 अन्वये तालुका विधी सेवा समितीमार्फत विनामूल्य साहाय्याची तरतूद आहे. स्त्रिया, बालके, दिव्यांग व्यक्ती आणि अनुसूचित जाती-जमातींच्या व्यक्तींना त्यासाठी उत्पन्नाची अट नाही. करथकबाकीची प्रकरणे दाखलपूर्व स्वरूपात लोकअदालतीपुढेही ठेवण्यात येतात. तेथे उभयपक्षी तडजोड झाल्यास त्या निवाड्यास दिवाणी न्यायालयाच्या हुकूमनाम्याचे बळ असते व त्याविरुद्ध अपील चालत नाही. म्हणूनच तडजोडीवर सही करण्यापूर्वी तिच्या अटी वकिलाकडून समजून घ्याव्यात.

वकिलाचे काम कर चुकविण्यास मदत करणे हे नव्हे. खरे देणे किती हे निश्चित करणे आणि ते मुदतीत फेडण्याचा मार्ग दाखविणे, हे त्याचे काम होय. ग्रामसभेत ही माहिती समजावून सांगितल्यास नागरिकांवरील जप्तीचे प्रसंग टळतील आणि पंचायतीची वसुलीही सुकर होईल.